टिसाचे फूल आणि पाण्याचा अहवाल

हंगेरीच्या सपाट मैदानातून टिसा नावाची नदी वाहते. जूनच्या मध्यावर, दुपारचे ऊन उतरले की, या नदीवर काही दिवस एक अजब प्रकार घडतो. काठाच्या चिकणमातीतून असंख्य किडे पाण्यावर येतात, कात टाकतात आणि पाण्याला लगटून भिरभिरू लागतात. किडे लहानसहान नव्हेत. शेपटीचे लांब धागे धरले तर १२ सेंटीमीटरपर्यंत भरतात. युरोपातला हा सर्वांत मोठा मेफ्लाय. दोन-तीन तासांत नर-माद्यांची गाठ पडते, अंडी पाण्यात जातात आणि अंधार पडेपर्यंत बहुतेकांची कलेवरे पाण्यावर तरंगत असतात. माशांची त्या रात्री चंगळ असते. तिथले लोक या प्रकाराला ‘टिसाचे फुलणे’ म्हणतात आणि किड्याला ‘टिसाचे फूल’. शास्त्रीय नाव पालिंजेनिया लाँगिकॉडा.

आपल्याकडे क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात, तसे हंगेरियन भाषेत ‘टिसाच्या फुलाएवढे आयुष्य’ असे म्हणतात. म्हण गोड आहे, पण शास्त्राला धरून नाही. हा किडा तीन वर्षे जगतो. फक्त ती तीन वर्षे तो आपल्याला दिसत नाही. पाण्याखालच्या काठाच्या चिकणमातीत इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बीळ करून त्याची अळी राहते, बिळातून पाणी खेळवते, त्यातले सेंद्रिय कण खाते, कल्ल्यांनी श्वास घेते आणि अंगाला कातडी अपुरी पडली की कात टाकते. पंख फुटल्यावर तोंड निकामी होते, आतड्यात अन्नाऐवजी हवा असते. खाणेपिणे बंद. त्या शेवटच्या काही तासांवरून त्याला अल्पायुषी ठरवायचे म्हणजे माणसाचे आयुष्य लग्नाच्या दिवसाएवढे धरण्यासारखे झाले.

डॉक्टरने किड्यांवर का लिहावे, असे वाटणे साहजिक आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत मेफ्लाय भेटतो तो ॲलर्जीच्या प्रकरणात. अमेरिकेत टोलेडो शहरातल्या डॉ. फिग्ली यांनी १९२९ मध्ये मेफ्लायमुळे होणाऱ्या दम्यावर लिहिले होते. एरी सरोवरावरून थव्याने येणाऱ्या या किड्यांच्या कातींचा भुगा श्वासातून जाऊन काहींना धाप लागत असे. पण मला त्याच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने, आणि ते कारण मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात सहज समजते.

रुग्ण तपासणीला यायचे म्हणून दोन दिवस गोड बंद करतो, भात कमी करतो आणि उपाशीपोटी साखर देतो. आकडा झकास येतो. मग आम्ही एचबीए१सी, म्हणजे ज्याला लोक ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, ती तपासणी सांगतो. तिथे दोन दिवसांचा उपास चालत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर तीन महिन्यांत जेवढी साखर चिकटली, तेवढी ती दाखवते.

नदीच्या पाण्याचा बाटलीत भरलेला नमुना ही उपाशीपोटीची साखर आहे. ज्या दिवशी, ज्या तासाला बाटली बुडवली, तेवढ्यापुरती ती खरी असते. रात्री दोन वाजता कोणी टँकर रिकामा केला आणि नमुना सकाळी दहाला घेतला, तर बाटली काहीच सांगणार नाही. काठाच्या मातीत तीन वर्षे बसलेली अळी मात्र कुठे पळून जाऊ शकत नाही. त्या तीन वर्षांतला प्रत्येक उन्हाळा, प्रत्येक पूर, प्राणवायू कमी पडलेली प्रत्येक रात्र तिने सोसलेली असते. ती जिवंत आहे की नाही, हाच अहवाल. पाणी तपासण्याच्या आपल्या पद्धतीत हा अहवाल नियमाने मागवला जात नाही, तो मागवला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. टिसाच्या किड्याची कथा त्यासाठी उपयोगी पडते.

एकेकाळी हा किडा फक्त टिसाचा नव्हता. पश्चिमेला हॉलंडपासून पूर्वेपर्यंत युरोपातल्या मोठ्या, संथ, चिकणमातीच्या काठांच्या नद्यांत तो होता. ऱ्हाईनच्या मुखाजवळ तो इतका होता की, यान स्वामरडॅम याने सतराव्या शतकात त्याची चिरफाड करून आतल्या नसा, कल्ले, अंडाशय यांची चित्रे काढली आणि १६७५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्यावर पुस्तक छापले. स्वामरडॅम आमच्याच पंथातला. लायडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्याने १६६७ मध्ये घेतली होती. मुलाने रुग्ण तपासून चार पैसे मिळवावेत असे वडिलांना वाटे. हा भिंगाखाली किडे कापत बसे. (बापलेकांच्या या भांडणात माझी सहानुभूती दोघांनाही आहे.) ज्या किड्याच्या अंतरंगाची एवढी बारीक माहिती हॉलंडने जगाला दिली, तो किडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधून नाहीसा झाला. पश्चिम आणि मध्य युरोपातल्या एकेका नदीतून तो असाच गेला. आज त्याचा मुख्य आसरा म्हणजे टिसा आणि तिच्या उपनद्या. त्याखेरीज डॅन्यूबच्या खोऱ्यात तुरळक ठिकाणी तो सापडतो.

तो गेला कशाने? एखाद्या मोठ्या अपघाताने नव्हे. काठांना दगडाचे अस्तर आले, जहाजांसाठी पात्र खोल आणि सरळ झाले, गाळ उपसला गेला, शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी वाढले. यातले प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर समजण्यासारखे, बरेचसे आवश्यकही होते. पण या अळीला राहायला विशिष्ट घट्टपणाची चिकणमातीच लागते. वाळू ढासळते, गाळात बीळ टिकत नाही, दगडात ते होतच नाही. टिसाही काही कुमारी नदी नाही. एकोणिसाव्या शतकात पूर आवरण्यासाठी तिची वळणे कापून तिची लांबी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास कमी केली गेली. तरी तिच्या काठांचे बरेच पट्टे मातीचेच राहिले, आणि किडा राहिला.

मग २००० साल आले. ३० जानेवारीच्या रात्री रोमानियातल्या बाया मारे या गावाजवळ, सोने काढण्याच्या कारखान्याचा सांडपाण्याचा बांध फुटला. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी ओढ्यातून सोमेश नदीत, तिथून टिसात आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेले. सायनाइड पेशींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला बांधून टाकते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही. मासा असो की माणूस, गुदमरतो तो प्राणवायू असताना. हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. सोल्नोक हे शहर टिसाचेच पाणी पिते; विषाचा लोट पुढे जाईपर्यंत तिथे नदीतून पाणी घेणे थांबवावे लागले. चार आठवड्यांनंतर, दोन हजार किलोमीटरवर, डॅन्यूबच्या मुखाशी तो लोट अजून मोजता येत होता. हे कमी म्हणून की काय, मार्चमध्ये रोमानियातल्याच दुसऱ्या खाणीचा बांध फुटून जड धातूंचा गाळ टिसात आला.

आता यात एक गोष्ट अशी आहे की, जी माझ्या मांडणीला अडचणीची वाटेल. त्या जूनमध्येही टिसा फुलली. मासे मेले, पण बिळांतल्या बऱ्याच अळ्या वाचल्या. थंडीच्या दिवसांत त्या मंदावलेल्या होत्या, मातीच्या आत होत्या आणि विषाचा लोट त्या मानाने लवकर पुढे सरकला. यामुळे त्या वाचल्या असाव्यात. म्हणजे केवळ किडे मोजणाऱ्याला त्या वर्षी सायनाइड कळले नसते. ते कळले रासायनिक तपासणीने आणि वेळेवर आलेल्या इशाऱ्याने. हे मान्यच करायला हवे. हृदयविकाराचा झटका एचबीए१सीवरून ओळखायचा नसतो, त्याला ईसीजीच हवा. पण जो किडा सायनाइडला पुरून उरला, तोच किडा ऱ्हाईनमध्ये दगडी अस्तर आणि रोजच्या सांडपाण्यापुढे टिकला नाही, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. वॉर्डातही आम्ही हेच पाहतो. अपघाताचा रुग्ण आला की सगळे धावतात. वीस वर्षे अंगावर काढलेला रक्तदाब मूत्रपिंड संपवतो तेव्हा कोणी धावलेले नसते.

ऱ्हाईनची पुढची हकिकत याहून बोलकी आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला वापरलेल्या पाण्यासोबत कीटकनाशके नदीत गेली आणि खाली दूरवर वाम मासे मेले. त्या धक्क्याने काठावरचे देश एकत्र आले, पुढच्याच वर्षी नदी सुधारण्याचा कार्यक्रम ठरला, पैसा ओतला गेला, सांडपाण्यावर प्रक्रिया झाली. पाणी खरोखर सुधारले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एफोरॉन व्हर्गो नावाचा पांढरा मेफ्लाय, जो ऱ्हाईनमधून काही दशके नाहीसा होता, तो परत आला. दिव्यांभोवती, पुलांवर त्याचे खच पडू लागले. पालिंजेनिया मात्र आला नाही. पाणी परत मिळाले, काठ मिळाला नाही.

काठाबरोबर वरची वाटही लागते. या किड्याची मादी गाठ पडल्यावर लगेच अंडी घालत नाही. ती आधी प्रवाहाच्या उलट दिशेने काही किलोमीटर उडते आणि मग पाण्यावर अंडी सोडते. अंडी आणि कोवळ्या अळ्या प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात, त्याची ही भरपाई. तिला नदीचा रस्ता दिसतो तो पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशामुळे. हंगेरीच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, वाटेत पूल आला की त्याच्यामुळे हा प्रकाशाचा पट्टा तुटतो आणि बऱ्याच माद्या तिथूनच माघारी वळतात. नदीत काहीही न सोडणारा, निर्दोष दिसणारा एक पूल! तो बांधू नये असे कोणी म्हणणार नाही. पण नदी म्हणजे दोन भिंतींमधले पाणी नव्हे, एवढे तरी यातून ध्यानात यावे.

आपल्याकडे टिसाचे फूल नाही, पण मेफ्लाय आहेत. सह्याद्रीतल्या कोणत्याही बारमाही ओढ्यात, गुडघाभर वाहत्या पाण्यातला गोटा उलटा करून पाहा. खालच्या बाजूला चपट्या अंगाची, दोन किंवा तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेला कल्ले हलवणारी अळी दगडाला चिकटून सरपटताना दिसेल. ही बहुधा हेप्टाजेनिडी कुळातली. तिला गार, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. ब्रिटनमध्ये पाण्यातल्या अशा जिवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत रूढ झाली, तीत या कुळाला पूर्ण १० गुण आहेत. बाटिडी या चिवट मेफ्लाय कुळाला ४. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांना २ आणि गाळातल्या बारीक गांडुळांना १.

कायरोनोमिडच्या अळ्या वाचकांनी पाहिलेल्या असतील; मत्स्यालयातल्या माशांना खाद्य म्हणून त्या विकतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, आपल्यासारखेच. प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही त्यामुळे त्यांचे भागते. एखाद्या नदीच्या तळात नुसत्या लाल अळ्या आणि गांडुळेच उरली असतील, तर त्या नदीचे काय चालले आहे हे सांगायला यंत्र लागत नाही.

राज्यात नद्यांचे जे गुणवत्ता निर्देशांक काढले जातात, ते प्रामुख्याने चार मोजमापांवर उभे असतात: पीएच, विरघळलेला प्राणवायू, बीओडी आणि विष्ठेतून येणारे कॉलिफॉर्म जिवाणू. चारही महत्त्वाची आहेत. चारही बाटलीतली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळातल्या जिवांवर आधारलेले जैविक निकष, अगदी ‘अ’ ते ‘ई’ अशा वर्गवारीसह, तयार केलेले आहेत. म्हणजे नवे काही शोधायचे नाही. पण नदीकाठच्या गावात राहणाऱ्या माणसाला आपल्या नदीचा जैविक वर्ग कोणता हे विचारून पाहा. असा काही वर्ग असतो, हेच त्याच्या कानावर आलेले नसते. युरोपीय संघाने २००० सालीच, म्हणजे टिसात सायनाइड गेले त्याच वर्षी, कायदा करून नदीची प्रकृती ठरवताना त्यातले जीव मोजणे सदस्य देशांना बंधनकारक केले. आमच्याकडे ते शोधनिबंधांत आणि प्रकल्प अहवालांत राहिले.

एक इशारा मात्र डॉक्टर म्हणून दिलाच पाहिजे. मेफ्लाय दिसला म्हणजे पाणी पिण्याजोगे, असा अर्थ कोणी काढू नये. ट्रेकला जाणारी मंडळी ‘इतके नितळ पाणी, किडेसुद्धा ताजे’ म्हणत ओंजळीने पितात, म्हणून सांगतो. वरच्या अंगाला एका माणसाने शौच केले तरी काविळीचे किंवा हगवणीचे जंतू त्या पाण्यात येऊ शकतात आणि दगडाखालच्या अळीला त्याचे काही वाटत नाही. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण भातखाचरांतून आणि ओहोळांतून येतात. ते पाणीही अनेकदा दिसायला स्वच्छच असते. फ्लोराइड, नायट्रेट यांचा हिशेब तर पूर्ण वेगळा. पिण्याच्या पाण्यासाठी जिवाणू तपासणी, क्लोरीन आणि उकळणे याला पर्याय नाही. किडा सांगतो तो नदीचा इतिहास, तुमच्या पेल्याचा परवाना नव्हे.

मग त्याचा आरोग्याशी संबंध काय? संबंध आहे तो साथ येण्याआधीच्या काळाशी. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की काय होते ते ग्रामीण भागातले वाचक जाणतात. आधी विहिरीत टीसीएल पावडर पडते, मग जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो, मग नमुना जातो, आणि अहवाल ‘पिण्यास योग्य’ असा येतो. तो खोटा नसतो. फक्त तो टीसीएल पडल्यानंतरचा असतो. विहिरीला पाणी देणारा ओढा गेली दोन वर्षे हळूहळू नासत होता का, वरच्या अंगाला कोणी काय सोडत होते का, हे त्या कागदावर कधीच येत नाही. ओढ्याच्या तळातली चपटी अळी नाहीशी होऊन लाल अळ्या वाढत होत्या, हे कोणी वर्षाआड लिहून ठेवले असते तर रुग्ण खाटेवर यायच्या आधी कोणाला तरी प्रश्न पडला असता.

दुसरी गोष्ट काठाची. नदीकाठ सुशोभीकरणाचे नकाशे आता लहान शहरांतही निघू लागले आहेत. संध्याकाळी फिरायला जागा हवी हे मलाही मान्य आहे. चालायला सांगणारे आम्हीच. पण पायवाटेसाठी नदीचा काठ पाण्यापर्यंत काँक्रीटचा करण्याची गरज नसते. ऱ्हाईनने पाण्यावर अमाप खर्च करूनही जे परत मिळवता आले नाही, ते आपण अजून हाताशी असताना घालवतो आहोत. अशा प्रकल्पाच्या मंजुरीआधी तळातल्या आणि काठातल्या जिवांची एक नोंद झाली पाहिजे आणि काम झाल्यावर तीन वर्षांनी दुसरी. दोन्ही वृत्तपत्रात छापाव्यात. काय झाले ते लोक स्वतः वाचतील.

हे महाग आहे, असा आक्षेप येतो. सामान बघा: बारीक जाळीचे जाळे, पांढरी थाळी, चिमटा, भिंग, स्पिरिटच्या बाटल्या. तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा विभाग असला तर यातले बहुतेक तिथे आहे. अडचण सामानाची नाही, किडा ओळखणाऱ्या माणसाची आहे. कुळापर्यंतची ओळख पदवीच्या विद्यार्थ्याला काही दिवसांच्या सरावाने येते. त्यापुढे जातीपर्यंत जायचे तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. नाही तरी ते इंटरनेटवरून उतरवलेलेच जमा होतात.

वेळ फक्त सांभाळावी लागते. पावसाळ्यात पुराने तळ खरवडून निघतो, तेव्हा मोजून उपयोग नाही. दिवाळीनंतर पाणी निवळले की पहिली नोंद, आणि ओढा आटू लागण्याआधी, होळीच्या सुमारास दुसरी. जागा तीच, दगडांची संख्या तीच, मोजणारा शक्यतो तोच.